थरथरत्या जबड्याचं हाड जुळतं कसं?

प्रश्न : आमचे अण्णा ८१ वर्षांचे. नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स आहे, तोंडात एकही दात नाही. दिवाळीआधी पहाटे मोरीकडे जाताना ते थेट तोंडावर पडले आणि खालचा जबडा दोन्ही बाजूंनी मोडला. एका डॉक्टरांनी कवळीच्या आधाराने तोंड तारेनं बांधून ठेवायला सांगितलं. दुसऱ्यांनी ऑपरेशन करून प्लेट बसवली. आता अण्णा बरे आहेत, पण माझ्या मनातला प्रश्न जात नाही. हात मोडला की प्लास्टर घालतात आणि ‘हलवू नका’ म्हणतात. अण्णांचा जबडा तर जागेपणी सतत थरथरतो. मग हाड जुळलं कसं? दोन डॉक्टरांची मतं इतकी वेगळी का? आणि अण्णा रोज विचारतात, भाकरी कधी?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, जबड्याचं काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांना हा प्रश्न पडतो, आणि अण्णांसारखा रुग्ण समोर आला की पुन्हा नव्यानं पडतो.

आधी थरथरीचं सांगतो. पार्किन्सन्समध्ये जबडा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा हलतो. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण त्या हालचालीत जोर फारसा नसतो. ही विश्रांतीतली थरथर आहे. स्नायू त्या वेळी काही चावत नसतात, नुसते हेलकावत असतात, आणि गाढ झोपेत तेही थांबतं. मोडलेल्या हाडाला खरी भीती असते ती स्नायूंच्या ओढीची आणि चावण्याच्या जोराची.

खालचा जबडा हा दोन्ही कानांपुढे टांगलेला झोपाळा आहे. मागच्या बाजूचे चावायचे स्नायू त्याला वर ओढतात, हनुवटीखालचे स्नायू खाली आणि मागे. हाड अखंड असतं तोवर ही ओढाताण आपल्याला कळतही नाही. दोन्ही बाजूंनी मोडलं की मधला तुकडा बादलीच्या कडीसारखा खाली लोंबतो आणि मागचे दोन तुकडे वर जातात. जिभेचं मूळ हनुवटीच्या आतल्या अंगाला बांधलेलं असल्यामुळे मधल्या तुकड्याबरोबर जीभही मागे सरकते आणि श्वासाच्या वाटेवर येते. अण्णांना त्या पहाटे उताणं झोपवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून अंगावर काटा येतो.

मोडलेल्या टोकांमध्ये किंचितशी हालचाल असली तर हाडाला ती खपते. ती वाढली की टोकांमध्ये तयार होणारा कोवळा पूल रोज फाटत राहतो. शेवटी तिथं हाडाऐवजी तंतूंची गाठ होते आणि जबडा मधेच वाकतो. म्हणजे हाड जुळण्यासाठी अख्खा जबडा थांबायची गरज नाही. मोडलेली दोन टोकं एकमेकांपाशी थांबली की पुरे. हाताला प्लास्टर घालताना आपण सांधेही थांबवतो, कारण बाहेरून टोकं धरायला दुसरा उपाय नसतो. टोकांवरच धातूचा पूल टाकला तर जबडा उघडो, मिटो, थरथरो, तो अख्खा एकत्र हलतो. अण्णांचं हाड असं जुळलं.

आता दोन मतांचं. तोंड बांधून ठेवणं हा जुना उपाय आहे. जबड्याचा सांधा निखळला तर शेक देऊन तो जागेवर बसवावा आणि पंचांगी बंध, म्हणजे पाच टोकांची पट्टी, बांधावा, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. पुढे दातांना तारा बांधून खालचा जबडा वरच्याला आवळायची पद्धत आली. मोटरसायकलवरून पडलेल्या पंचविशीतल्या मुलाला ती आजही चालते. त्याला दात असतात, म्हणजे तार बांधायला खुंट्या असतात. चार आठवडे पातळ खाऊन काही किलो वजन घटलं तरी तो सावरतो.

दात नसले तर खुंट्याच नाहीत. यावर न्यूयॉर्कचे दंतवैद्य थॉमस गनिंग यांनी अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात एक तोड काढली. हिरड्यांवर बसणारे कडक रबराचे साचे करायचे, ते वर-खाली जोडायचे आणि अन्न-पाण्यासाठी पुढे खिडकी ठेवायची. त्यांचा सगळ्यात नावाजलेला रुग्ण म्हणजे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सिवर्ड. ५ एप्रिल १८६५ रोजी घोडागाडीच्या अपघातात त्यांचा जबडा मोडला. नऊ दिवसांनी, लिंकनना गोळी लागली त्याच रात्री, अंथरुणावर पडलेल्या सिवर्ड यांच्यावर सुरीनं हल्ला झाला. त्यांचा चेहरा फाटला. वयाच्या ६३व्या वर्षी एवढं सोसूनही ते वाचले आणि पुढे सात वर्षं जगले. गनिंग यांच्या त्या साच्याचा वंश अजून टिकून आहे. रुग्णाची स्वतःचीच कवळी घेतात आणि जबड्याच्या हाडाभोवतून तार फिरवून ती जागेवर आवळतात. पहिल्या डॉक्टरांच्या मनात हेच असणार.

त्यांचा विचार चुकीचा नव्हता, हे मला आवर्जून सांगायचं आहे. दात गेले की दातांना धरून ठेवणारं हाड झिजत जातं. ऐन उमेदीत तीन सेंटीमीटरच्या आसपास उंच असलेला जबडा दात जाऊन वीस-तीस वर्षं झाली की एक सेंटीमीटरवर येतो, कधी त्याच्याही खाली. जर्मनीतले शल्यविशारद लूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली अशा जबड्यांची उंचीनुसार प्रतवारी केली, आणि दहा मिलिमीटर किंवा त्याहून कमी उंचीचे जबडे सगळ्यात अवघड गटात ठेवले. वयाबरोबर हाडाच्या आतली रक्तवाहिनीही अरुंद होते. मग हाड रक्तासाठी वरच्या पातळ आवरणावर अवलंबून राहतं, आणि प्लेट बसवायची तर नेमकं तेच आवरण उचलावं लागतं. त्यात ८१ वर्षांच्या माणसाला पूर्ण भूल द्यायची. हात आखडता घ्यावासा वाटला तर नवल नाही.

तरीही पार्किन्सन्सच्या माणसाचं तोंड बांधायची वेळ आली तर मी शेवटपर्यंत दुसरी वाट शोधतो. अण्णांच्या तोंडातून लाळ गळत असेल. लोकांना वाटतं लाळ जास्त सुटते. तसं नाही, ती गिळली जात नाही. निरोगी माणूस नकळत दर मिनिटाला लाळ गिळत असतो, पार्किन्सन्समध्ये ते आपोआप गिळणं मंदावतं. तोंड बांधलं की ही लाळ घशाशी साचते, श्वासनलिकेत उतरते आणि त्यातून न्यूमोनिया होतो. या वयात जबड्यानं माणूस सहसा जात नाही, न्यूमोनियानं जातो. उलटी झाली तर ती बाहेर यायला जागा नसते. तोंड साफ करता येत नाही. आधीच हडकलेल्या माणसाचं वजन आणखी उतरतं. आणि थरथरीमुळे तारा रोज थोड्या थोड्या सैल होत जातात, म्हणजे एवढं सोसूनही हाड धड स्थिर राहत नाही.

म्हणून प्लेट. पण कुठली, हा कळीचा मुद्दा. १९७०च्या दशकात फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या मॅक्सिम शांपी यांनी दाखवून दिलं, की जबड्यावर ताण नेमका कुठल्या रेषांवर येतो ते ओळखून तिथं छोट्या पातळ पट्ट्या बसवल्या तरी भागतं. तरुण, जाड हाडाला हे पुरतं, कारण तिथं हाड आणि पट्टी कावडीसारखा भार वाटून घेतात. अण्णांच्या काडीसारख्या जबड्याला खांदा द्यायची ताकदच उरलेली नसते. तिथं सगळा भार एकट्या प्लेटला उचलावा लागतो. त्यासाठी जाड, लांब प्लेट लागते. तिचे स्क्रू प्लेटमध्येच घट्ट अडकतात आणि मोडलेल्या जागेपासून दूर, धडक्या हाडात बसतात. बारीक हाडाला बारीक पट्टी पुरेल असं वाटतं, पण हिशोब बरोबर उलटा आहे. अण्णांची प्लेट चेहऱ्याच्या मानानं मोठी वाटली असेल, तर ती तशीच असायला हवी होती.

आता मला सगळ्यात जास्त कळकळीनं सांगायची गोष्ट. अशा रुग्णात जबडा जोडणं हे अर्धंच काम आहे. उरलेलं अर्धं पार्किन्सन्सवरच्या लेव्होडोपा या गोळीचं घड्याळ सांभाळण्याचं आहे.

ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपासून ‘पोटात काही द्यायचं नाही’ अशी सूचना मिळते, घरचे ती तंतोतंत पाळतात आणि गोळीही थांबवतात. रक्तातली लेव्होडोपा दीडेक तासात निम्मी होते. दोन-तीन डोस चुकले की माणूस लाकडासारखा ताठतो, छाती नीट फुलत नाही, गिळणं बंद पडतं. एकदम तुटलेल्या औषधामुळे ताप चढून, शरीर आखडून जिवावरही बेततं. सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची का, हे भूलतज्ज्ञांना आधीच विचारावं. बहुतेक वेळा ते हो म्हणतात. अशा रुग्णाला त्या दिवशीच्या यादीत पहिला नंबर मागावा. नंतर गिळता येत नसेल तर नाकातल्या नळीतून साधी गोळी विरघळवून देता येते. मात्र हळूहळू विरघळणारी, लांब पल्ल्याची गोळी कधीही कुटू नये. ब्रिटनमध्ये पार्किन्सन्स यूके या संस्थेला ‘गोळी वेळेवर द्या’ एवढ्या एका मागणीसाठी मोहीम चालवावी लागली. तिकडेही वॉर्डात गोळ्या वॉर्डाच्या वेळेला मिळत, रुग्णाच्या वेळेला नाही.

दुसरा धोका भल्या हेतूनं येतो. ऑपरेशननंतर मळमळलं की मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन हाताशी असतं. रात्री म्हातारा माणूस भांबावून बडबडायला लागला की हॅलोपेरिडॉल देतात. ही दोन्ही औषधं मेंदूत डोपामिनची वाट अडवतात, म्हणजे पार्किन्सन्स वाढवतात. मळमळीवर डॉमपेरिडोन किंवा ऑन्डान्सेट्रॉन असे पर्याय आहेत. रुग्ण पार्किन्सन्ससाठी रासाजिलीन किंवा सेलेजिलीन घेत असेल तर दुखण्यावर ट्रामाडॉल आणि पेथिडीन टाळतात. घरच्यांनी ही नावं पाठ करायची गरज नाही. पण ‘यांना पार्किन्सन्स आहे, हे इंजेक्शन चालेल ना?’ एवढं प्रत्येक वेळी विचारायचा संकोच करू नका. मी स्वतः वॉर्डात उभा असताना एका सुनेनं नर्सला हे विचारलं होतं. इंजेक्शन तिथंच थांबलं.

आणि प्रोटीन पावडर. जबडा मोडलेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण एक डबा घेऊन येतो. प्रथिनं हवीतच, त्यांच्याशिवाय जखम भरत नाही. पण आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला लेव्होडोपा आणि प्रथिनं एकाच दारात गर्दी करतात. दूध, पावडर, वरणाचं सूप गोळीबरोबरच दिलं तर गोळी मागे राहते. गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास द्यावी. मग शरीर मोकळं झालं की ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, लहान चमच्यानं भरवावं. मुगाचं घट्ट वरण, तूप घातलेला मऊ भात, नाचणीची आंबील, चांगलं फेटलेलं दही. पाण्यासारखं पातळ जितकं चटकन घशात जातं, तितकाच चटकन ठसकाही लागतो. म्हणून जरा दाटसर बरं.

तर, भाकरी कधी? म्हाताऱ्या हाडाला सहा ते आठ आठवडे द्यावेत. एक्स-रेमध्ये टोकं जुळलेली दिसली, दाबून दुखत नसलं, की दुधात किंवा आमटीत चांगली कुस्करलेली भाकरी द्यायला हरकत नाही. चावून खायची भाकरी मात्र नव्या कवळीनंतर. जुनी कवळी आता बसणार नाही. हिरडीचा आकार बदललाय, आणि चुकीच्या जागी टेकणारी कवळी प्लेटवरची कातडी घासून उघडी पाडते. दोन-तीन महिन्यांनी नवीन माप घ्या. त्या वेळी दंतवैद्यांना एक्स-रे दाखवा, प्लेट नेमकी कुठं आहे ते त्यांना कळायला हवं. तोवर अण्णांना सांगा, कुस्करलेल्या भाकरीवर तूप थोडं जास्त चालेल.

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची. मानसिक आजारासाठी वीस वर्षांपासून गोळ्या चालू आहेत. काही वर्षांपासून तिचं तोंड सतत चघळल्यासारखं हलतं, जीभ बाहेर येते. जबडा मोडला तेव्हा पट्टी बसवली, ती अडीच महिन्यांत तुटली. पट्टी खराब होती का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : बहुधा नाही. बांधकामावरची तार हातानं तोडायची असली की आपण ती पुढे-मागे वाकवत राहतो. एकदा वाकवून ती तुटत नाही, शंभर वेळा वाकवली की तुटते. तुमच्या आईच्या तोंडात दिवसाला हजारो वेळा तेच घडत होतं. हाड वेळेत जुळलं असतं तर पट्टीवरचा भार उतरला असता. ते जुळलं नाही, म्हणून धातू दमला.

अण्णांच्या थरथरीत आणि तुमच्या आईच्या हालचालीत मोठा फरक आहे. काही मानसिक आजारांवरची, आणि क्वचित मळमळीवरची औषधं वर्षानुवर्षं घेतल्यावर तोंडाच्या अशा अनावर हालचाली सुरू होतात. याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. याहून जोरकस प्रकार म्हणजे जबड्याचा डिस्टोनिया. त्यात चावायचे स्नायू पिळवटल्यासारखे आवळले जातात किंवा तोंड आ वासून अडकतं. तिथं जाड तारही टिकत नाही.

पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. या वेळी पूर्ण भार उचलणारी जाड प्लेट, आणि टोकांमध्ये पोकळी झाली असेल तर कमरेच्या हाडाचा तुकडा भरावा लागतो. पण माझ्या मते नुसती प्लेट बदलणं म्हणजे तीच चूक जाड धातूत पुन्हा करणं. आधी हालचाल कमी करायला हवी. मानसोपचारतज्ज्ञ, न्यूरोलॉजिस्ट आणि शस्त्रक्रिया करणारे यांचं एकमेकांशी बोलणं व्हायला हवं. ती जबाबदारी कुणी घेत नसेल तर तुम्ही तिघांचे कागद एका फाइलमध्ये घालून तिघांपुढे ठेवा. टेट्राबेनाझीनसारखी औषधं या हालचालींवर देतात, पण त्यांनी मन खिन्न होऊ शकतं, म्हणून ती मानसोपचारतज्ज्ञांच्या नजरेखालीच. जुनी गोळी आपल्या मनानं अजिबात बंद करू नका. तिनं आईचा आजार आवरून धरलेला आहे. शिवाय एकदम थांबवल्यानं तोंडाची हालचाल कधी कधी उलट वाढते.

चावायच्या स्नायूंत बोटुलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन हाही एक उपाय आहे. सुरकुत्यांसाठी टोचतात तेच हे औषध. काही दिवसांत ते स्नायूचा जोर उतरवतं आणि साधारण तीन महिने टिकतं. हाडाला लागतात सहा ते आठ आठवडे, म्हणजे स्नायू ढिले आहेत तोवर हाड आपलं काम उरकून घेऊ शकतं. पण ते टोचताक्षणी चालू होत नाही, म्हणून ऑपरेशनच्या आधीच त्याचा विचार हवा. आणि ते सरावलेल्या हातांनीच टोचावं. औषध शेजारच्या स्नायूंत पसरलं तर गिळणं बिघडतं.

प्रश्न : मी ७९ वर्षांचा आहे. पार्किन्सन्स आहे. अजून पडलेलो नाही. पण पडलो आणि तोंडाला लागलं तर घरच्यांनी पहिल्या तासाभरात काय करावं?
— एक ज्येष्ठ वाचक, ठाणे

उत्तर : काका, हे पडण्याआधी विचारलंत याचा मला फार आनंद झाला. तुमच्या आजारात माणूस पडताना हात पुढे येत नाहीत, म्हणून मार थेट चेहऱ्यावर बसतो.

तुम्ही शुद्धीवर असाल आणि मान दुखत नसेल, तर घरच्यांनी तुम्हाला बसवून पुढे वाकवावं. रक्त आणि लाळ बाहेर गळू द्यावी. उताणं झोपवू नये. फडक्यानं जबडा डोक्याशी करकचून बांधायचा मोह होतो, तो आवरावा. दात नसतील तर त्या बांधण्यानं हनुवटी मागे ढकलली जाते आणि श्वास कोंडतो. मान दुखत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर डोकं, मान आणि धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावं आणि ताबडतोब १०८ ला फोन करावा.

खालचा ओठ बधिर झाला, जिभेखाली काळंनिळं दिसलं, तोंड मिटताना वाकडं मिटलं किंवा कानातून रक्त आलं, तर जबडा मोडला असं धरून चाला. कानातून रक्त आलं म्हणजे कवटी फुटली, असंच दर वेळी नसतं. जबड्याची गोटी कानाच्या अगदी पुढे असते, हनुवटीवर आपटलं की ती मागे जाऊन कानाच्या भिंतीला लागते. तरी डोक्याचा सीटी स्कॅन हवाच. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्यात टाळाटाळ करू नये.

गोटी मोडली असली, तर कवळीवाल्या ज्येष्ठांमध्ये पुष्कळदा आम्ही काहीच कापत नाही. मऊ खाणं आणि लवकर सुरू केलेला तोंड उघडण्याचा व्यायाम, एवढ्यावर काम भागतं. हा उपचार आहे, दुर्लक्ष नव्हे.

एक कार्ड करून पाकिटात ठेवा. गोळ्यांची नावं आणि घड्याळातल्या वेळा. रक्त पातळ करणारं औषध. हाडं ठिसूळ झाली म्हणून घेत असलेलं इंजेक्शन आणि शेवटचं कधी घेतलं ती तारीख, कारण त्यातल्या काहींमुळे जबड्याचं हाड भरायला त्रास होतो. मेंदूत उत्तेजक यंत्र बसवलं असेल तर ते ठळक अक्षरात लिहा. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवायला विजेचं उपकरण वापरतात, तेव्हा खास काळजी घ्यावी लागते. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या गटांत जाणारी मंडळी असं कार्ड कसं लिहावं हे तुम्हाला आपुलकीनं दाखवतील.

आणि कवळी. पडल्यावर ती लगेच तोंडातून काढा, सैल किंवा तुटलेला तुकडा घशात जाऊ शकतो. पण टाकून देऊ नका. दोन तुकडे झाले असले तरी ओल्या फडक्यात गुंडाळून सोबत आणा. हाड मोडण्याआधी तुमचा जबडा कसा मिटत होता, हे त्या तुकड्यांखेरीज आम्हाला कोण सांगणार?